शिलाई मशीन आणि मैत्रिणींचे सिनेमे



आजचा विषय मी कळवला तेव्हा आयोजकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, यात तत्त्वज्ञान कुठे येतं?" मी म्हटलं, येईल हळूहळू. आणि नाहीच आलं तर लोक थोडं शिवणकाम तरी शिकून जातील.

विषय माझ्या दोन आवडींचा आहे. घरच्या शिलाई मशीनवर शिवत बसणं ही एक. आणि अमेरिकेतल्या ब्लॅक माणसांचे सिनेमे, त्यातही मैत्रीवरचे, पुन्हा पुन्हा बघणं ही दुसरी. निवृत्तीनंतर दोन्हींना वेळ मिळाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो आपल्या यवतमाळ जिल्ह्याशीही आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. मी 'कृष्णवर्णीय' म्हणत नाही. तो पाठ्यपुस्तकातला शब्द आहे, कोणीतरी हातमोजे घालून उचलल्यासारखा. त्या लोकांनी स्वतःसाठी 'ब्लॅक' हा शब्द निवडला, शिवी होती ती उचलून अभिमानानं अंगावर घेतली. आपल्याकडे 'दलित' शब्दाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. १९६६ साली अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्ष निघाला, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. नाव तिकडून आलं, कारण दुखणं ओळखीचं होतं. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या ब्लॅक विचारवंताला पत्र लिहिलं होतं, त्यांचं उत्तरही आलं. तेव्हा मराठी माणसानं ब्लॅक सिनेमा बघणं म्हणजे काही परक्याच्या घरात डोकावणं नाही. ओळख जुनी आहे, आपण जाणं-येणं कमी ठेवलं एवढंच.

आता मशीन.

आपण म्हणतो, "जरा एक टीप मारून दे." ही टीप म्हणजे काय असते, कधी नीट पाहिलंय? हातानं शिवताना एकच दोरा असतो. सुई आरपार जाते, पलीकडून परत येते. मशीनमध्ये सुई आरपार जातच नाही. हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं नेढं अणकुचीदार टोकापाशी. ती सुई वरचा दोरा घेऊन कापडात उतरते, खाली त्या दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटल तो फास पकडतं आणि बॉबिनच्या भोवती फिरवतं. म्हणजे वरचा दोरा खालच्या दोऱ्याला मिठी मारून परत वर येतो. वर मशीनची जी बारीक दांडी टकटक खालीवर होत असते, ती उरलेला दोरा ओढून घेते, आणि गाठ नेमकी कापडाच्या जाडीत, मधोमध बसते. वरून बघाल तर फक्त वरचा दोरा दिसतो, खालून बघाल तर फक्त खालचा. दोघं भेटतात कुठे? तर आत, कोणाला न दिसेल अशा जागी.

यात ताण महत्त्वाचा. आपले शिंपीदादा त्याला टेन्शनच म्हणतात. वरचं टेन्शन जास्त झालं की खालचा दोरा ओढला जाऊन वर ठिपक्यांसारखा दिसायला लागतो. वरचं सैल पडलं की कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. दोन्ही बाजूंनी सारखी ओढ पाहिजे, तर टीप बसते.

याच्या उलट दुसरी एक टीप असते, साखळी टीप. ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. सोयाबीनच्या बियाण्याची किंवा खताची बॅग येते ना, तिचं तोंड शिवलेलं असतं. बरोबर बाजूचं टोक सापडलं की एका झटक्यात सर्रकन सगळी शिवण निघते. नाही सापडलं तर विळा आणा, कात्री आणा! त्या टिपेत दोरा स्वतःच स्वतःमध्ये अडकवत नेलेला असतो. बॅग उघडायची असते म्हणून ती तिथे ठीक. पण कपडा असा शिवला आणि टोक सुटलं, तर चौकात फजिती.

मशीनचा इतिहासही याच क्रमानं आहे. १८३० साली फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्यानं मशीनचं पेटंट घेतलं, ती साखळी टिपेची होती. त्यानं पॅरिसला कारखाना काढला, सैनिकांचे गणवेश शिवायचा. तिथल्या शिंप्यांना वाटलं आता आपलं पोट गेलं. १८३१ साली त्यांनी येऊन मशिनी फोडल्या. १८४६ साली अमेरिकेत एलियास हाउ यानं दोन दोऱ्यांच्या टिपेच्या मशीनचं पेटंट घेतलं, आणि १८५१ साली आयझॅक सिंगरनं त्याचं, जो पुढे घरोघर पोचला. तो पोचला याचं मोठं कारण तंत्रापेक्षा हप्ते हे होतं. सिंगर कंपनीनं घरगुती मशीन हप्त्यानं द्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या घरात एकदम पैसे कुठून येणार?

सिंगर म्हटलं की मला गांधीजी आठवतात. यंत्रांना विरोध करणारा माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९२४ साली शांतिनिकेतनचे विद्यार्थी रामचंद्रन यांनी त्यांना हेच विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा गांधीजींनी अपवाद म्हणून उदाहरण दिलं ते सिंगरच्या शिलाई मशीनचं. त्यांचं म्हणणं असं की बायको तासन्‌तास हातानं शिवत बसते हे सिंगरला बघवेना, म्हणून तिच्यावरच्या प्रेमापोटी त्यानं हे यंत्र केलं. रामचंद्रन काही सोडणारे नव्हते. त्यांनी विचारलं, पण ही मशीन करायला कारखाना लागेलच ना? गांधीजी म्हणाले, लागेल, पण तो सरकारी मालकीचा असावा.

आता खरा सिंगर काही असा पत्नीभक्त नव्हता. त्याचे एकापेक्षा जास्त संसार होते आणि वीसहून अधिक मुलं. म्हणजे गांधीजींची गोष्ट इतिहास म्हणून टिकत नाही. पण तिच्यातला निकष मला टिकाऊ वाटतो. ते यंत्राकडे बघताना विचारतात, हे कोणाच्या मायेतून आलं आणि कोणाचे कष्ट हलके करतं? ही कसोटी आजच्या कुठल्याही यंत्राला लावून बघा, अगदी तुमच्या हातातल्या मोबाइललासुद्धा.

मला मात्र गांधीजींच्या पुढे एक पाऊल जायचं आहे. त्यांनी कष्ट वाचण्याचं म्हटलं, आनंदाचं नाही. मशीनवर बसणाऱ्या बाईला विचारा. पायदानाला लय सापडते, कापड हाताखालून सरकतं, सरळ टीप पडत जाते, तेव्हा मनात जी शांतता असते ती फक्त कष्ट वाचल्याची नसते. ॲरिस्टॉटलनं कृतीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एका प्रकारात कृती संपल्यावर जी वस्तू हातात येते तिच्यासाठी आपण ती करतो. घर बांधणं, जोडा शिवणं. दुसऱ्या प्रकारात कृतीचं फळ कृतीतच असतं, ती करणं हेच तिचं साध्य. वर्गात शिकवताना शिवणकाम बिनदिक्कत पहिल्या खान्यात टाकलं जातं. ब्लाउज झाला, काम संपलं. पण घरी बसून शिवणारीला दोन्ही अनुभव एकाच वेळी येतात. तिला ब्लाउजही हवा असतो आणि ते शिवणंही हवं असतं.

याच ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राची दहा प्रकरणं आहेत, त्यातली आठवं आणि नववं अशी दोन पूर्ण मैत्रीला दिली आहेत. न्यायाला एक दिलं, मैत्रीला दोन. त्यानं मैत्रीचे तीन प्रकार केले. उपयोगाची, मौजेची आणि चांगुलपणाची. ही वर्गवारी परीक्षेला येते, म्हणून सगळ्यांना पाठ असते. पण नवव्या प्रकरणाच्या शेवटी तो एक साधी गोष्ट सांगतो, ती कोणी वाचत नाही. तो म्हणतो, माणसाला ज्यात जगण्याचा अर्थ वाटतो ते त्याला मित्रांसोबत करावंसं वाटतं. म्हणून कोणी एकत्र पितात, कोणी फासे खेळतात, कोणी व्यायाम करतात, शिकारीला जातात, कोणी तत्त्वचिंतन करतात. बघा यादी. सगळी पुरुषांची कामं. अथेन्समधल्या बायका सूत काढत होत्या, कापड विणत होत्या, एकत्र बसूनच करत असणार. त्या यादीत नाहीत. ती यादी पुरी करायला आपल्याला ॲलिस वॉकरपर्यंत यावं लागतं.

ॲलिस वॉकर ही ब्लॅक लेखिका. १९४४ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात जन्मली. आईवडील दुसऱ्याच्या शेतात बटाईनं राबणारे. आई पुढे लोकांच्या घरी कामाला जायची. त्या आईनं मुलीला मोठं होताना तीन वस्तू घेऊन दिल्या. एक शिलाई मशीन, एक सुटकेस आणि एक टाइपरायटर. स्वतःचे कपडे स्वतः शिव, जग बघायला जा, आणि लिही. धुणीभांडी करणाऱ्या बाईनं केलेलं हे शैक्षणिक धोरण आहे मंडळी. आपल्या समित्यांना सुचेल का? आणि क्रम बघा, पहिली मशीन.

या ॲलिस वॉकरनं १९८२ साली 'द कलर पर्पल' ही कादंबरी लिहिली, १९८३ साली तिला पुलित्झर मिळालं. १९८५ साली स्टीव्हन स्पीलबर्गनं त्यावर सिनेमा काढला. ११ ऑस्करसाठी नामांकनं, मिळालं एकही नाही. २०२३ साली त्याचाच गाण्यांचा नवा सिनेमा आला. माझा सगळ्यात आवडता हा, जुना.

गोष्ट जॉर्जियातलीच. सेली नावाची मुलगी. ज्याला ती बाप समजते त्याच्यापासून तिला दोन मुलं होतात, तो ती देऊन टाकतो. मग तिचं लग्न एका बायको मेलेल्या माणसाशी लावतो. त्याला ती नावानं हाकसुद्धा मारत नाही, 'मिस्टर' म्हणते. तो मारतो. तिच्या बहिणीला घराबाहेर काढतो आणि बहिणीची येणारी पत्रं वर्षानुवर्षं दडवून ठेवतो. सेली हसताना तोंडावर हात धरते, आपण कुरूप आहोत असं तिला पटवून दिलेलं असतं. या घरात शग एव्हरी येते. गाणारी बाई, मिस्टरची जुनी प्रेयसी, आजारी पडलेली. आता आपल्या मालिकांच्या हिशेबानं या दोघी सवती व्हायला पाहिजेत. होतात मैत्रिणी. सेली तिची सेवा करते. शग बरी होते आणि भर गर्दीत सेलीसाठी गाणं म्हणते. तिचा तोंडावरचा हात बाजूला करून तिला आरशात हसायला लावते. पुढे दोघी मिळून ती दडवलेली पत्रं शोधून काढतात.

शिवणाची जागा कादंबरीत जास्त स्पष्ट आहे. पत्रं सापडल्यावर सेलीच्या डोक्यात रक्त चढतं, तिला नवऱ्याचा गळा कापायचा असतो. शग तिच्या हातातला वस्तरा सुईनं बदलते. म्हणते, तुझ्यासाठी पँट शिवू. बाईनं पँट! त्या काळात, त्या शेतावर. मग ती शगबरोबर मेम्फिसला जाते, तिथे पँटांमागून पँटा शिवत सुटते. शगसाठी, मग ओळखीपाळखीच्यांसाठी. गिऱ्हाइकं नंतर येतात. धंदा, दुकान, पाटी, हे सगळं नंतर. सिनेमात आपल्याला ते दुकान शेवटी दिसतं, सेली त्याची मालकीण असते.

मला या क्रमाकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. आधी मैत्रीण, मग आनंद, मग कमाई. आपण नेमकं उलटं करतो. त्याकडे येतेच.

पण आधी त्या कादंबरीतल्या अजून दोन जागा. सेलीची सावत्र सून सोफिया, धिप्पाड, कोणाचं ऐकून न घेणारी. सिनेमात ओप्रा विन्फ्रीनं ती काय उभी केली आहे! सोफियाचा नवरा विचारतो, बायको ऐकत नाही, काय करू? सेली म्हणते, मार तिला. स्वतः मार खाणारी बाई दुसरीला मार देववते. सोफियाला कळतं, ती सेलीनं दिलेले पडदे परत आणून आदळते आणि जाब विचारते. दोघी भांडतात, मग बोलतात, आणि सोफिया म्हणते, या फाटक्या पडद्यांचीच गोधडी शिवू. शग आपला एक जुना पिवळा झगा त्यात देते. त्या गोधडीच्या नक्षीचं नाव 'सिस्टर्स चॉइस', बहिणींची पसंती म्हणा. दुसरी जागा अगदी शेवटची. तोच मिस्टर, म्हातारा झालेला, बदललेला, ओसरीवर सेलीजवळ बसून शिवतो. सांगतो की लहानपणी आईबरोबर मला शिवावंसं वाटायचं, पण सगळे हसायचे. एका मुलाच्या हातातली सुई हसून काढून घेतली, तिथून पुढे त्या हाताचं काय झालं, ते सबंध कादंबरीभर आपण वाचलेलं असतं.

सिनेमावर टीकाही झाली. ब्लॅक समाजातल्याच अनेकांनी म्हटलं, आमचे पुरुष इतके वाईट रंगवले, आणि तेही गोऱ्या दिग्दर्शकानं. या टीकेत तथ्य आहे. घरातली गोष्ट बाहेर सांगितली की आधीच बदनाम झालेल्या समाजाला ती महाग पडते. आपल्याकडे दलित बायकांनी आत्मकथनं लिहिली तेव्हाही ही कुजबुज झाली. तरी माझा कौल लेखिकेच्या बाजूनं आहे.

बाकीच्या सिनेमांवर मी एवढा वेळ घेणार नाही. 'वेटिंग टु एक्झेल', १९९५, दिग्दर्शक फॉरेस्ट व्हिटाकर. चार मैत्रिणी, पुरुषांनी त्रासलेल्या. कथा विस्कळीत आहे, पण चौघी एका खोलीत येतात तेव्हाचं हसणं खरं आहे. 'हिडन फिगर्स', २०१६. 'नासा'मध्ये हिशेब करणाऱ्या तीन ब्लॅक गणिती, कॅथरीन जॉन्सन, डोरोथी व्हॉन आणि मेरी जॅक्सन, तिघीही खऱ्या. सुरुवातीलाच रस्त्यात गाडी बंद पडते आणि डोरोथी स्वतः ती दुरुस्त करते. पुढे ऑफिसात आयबीएमचा संगणक येतो. आता आपलं काम जाणार हे ती ओळखते. थिमोनिएच्या मशिनी फोडणाऱ्या शिंप्यांना जे दिसलं तेच तिला दिसतं. ती काय करते? वाचनालयातून पुस्तक आणून संगणकाची भाषा शिकते, आणि एकटी नाही शिकत, हाताखालच्या सगळ्या बायकांना शिकवते. तिला एकटीला बढती देऊ करतात तेव्हा ती म्हणते, माझ्या बायका येतील तर मी येईन. यंत्र आलं की मैत्री काय कामाची, याचं इतकं चांगलं उत्तर मी पुस्तकात वाचलेलं नाही.

आणि मराठीत? पुरुषांच्या मैत्रीचं म्हणाल तर नागराज मंजुळेंचा 'फँड्री' बघा, जब्या आणि पिऱ्या. काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडणारी दोन पोरं. लोक त्यातलं प्रेम आणि शेवटचा दगड लक्षात ठेवतात. मला पिऱ्या आठवतो, मुकाट बरोबर चालणारा. बायकांच्या मैत्रीवर असा सिनेमा मराठीत कमी आहे, आणि शिवणाऱ्या बायकांच्या मैत्रीवर तर त्याहून कमी. खरं म्हणजे आपल्या परंपरेत शिवणारा आणि मैत्री जपणारा एक थोर माणूस आहे, नामदेव शिंपी. मंगळवेढ्याला वेस बांधताना भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. ज्याला जिवंतपणी देवळात येऊ दिलं नाही त्याला मित्रानं दारात तरी नेऊन बसवलं.

आता यवतमाळ.

सेलीचं जॉर्जिया आणि आपलं यवतमाळ यांच्यात कापूस आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली, गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग साहेबाची नजर वऱ्हाडावर आली. भाव चढले, लोकांनी कापूस वाढवला. युद्ध संपलं, भाव कोसळले. तिकडे माणसं गुलामीतून सुटली, इकडे शेतकरी सावकारात अडकला. कापूस न्यायला रुळ टाकले. आपली मूर्तिजापूरची शकुंतला कशासाठी होती? माणसं बसायची, पण ती धावत होती कापसासाठी. आज लोहाऱ्याला रेमंडच्या कारखान्यात डेनिम विणलं जातं, सेलीच्या पँटेला चालेल असं. म्हणजे कापूस इथला, डेनिम इथलं, आणि शिवायला? शिवायला बाहेर जातं. मधला जो टप्पा माणसाच्या हाताचा, तोच आपल्याकडून निसटलेला आहे.

शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा म्हणून आपलं नाव देशाला कळलं. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं, सहा जिल्ह्यांना, त्यात आपण. मागे राहिलेल्या बाईला मदत म्हणून कोण काय देतं? शेळ्या देतं, आणि शिलाई मशीन देतं. फोटो निघतो. मी अशा घरांमध्ये गेले आहे. बऱ्याच ठिकाणी मशीन कोपऱ्यात असते, तिच्यावर जुनी साडी टाकलेली, वर मुलांची दप्तरं. देणाऱ्यांना राग येतो, म्हणतात यांना काही करायचंच नाही. एका बाईनं मला सांगितलं ते असं: "मशीन त भेटली बाई, पन बोलाले कोनी नाही." गावात तिला ब्लाउज टाकायला बाया कचरत होत्या, सकाळी सकाळी तिचं तोंड नको म्हणून. ती तरी कोणाच्या दारात जाणार? एकटी बसून ती पायदान मारणार कशासाठी?

इथे मला उपयोगाची भाषा अपुरी पडताना दिसते. मदत करणारे हिशेब मांडतात. फॉल-पिकोचे इतके, ब्लाउजचे इतके, महिन्याला इतके. हिशेब चुकीचा नाही, पण बाजारात रेडीमेड इतकं स्वस्त आहे की तो लवकर कोलमडतो. आणि हिशेब कोलमडला की मशीनवर बसायला दुसरं कारण उरत नाही, कारण ते कोणी दिलेलंच नसतं. विधवेनं स्वतःसाठी छानसा झगा शिवावा, लाल कापड घ्यावं, शिवता शिवता हसावं, ही कल्पनाच कोणाच्या यादीत नसते. आनंद म्हणजे चैन, ती पोट भरल्यावर करायची गोष्ट, असं आपण धरून चालतो. सेलीचा अनुभव वेगळा आहे. तिला जगायचं बळ त्या चैनीतून आलं, आणि पोट त्याच्या मागोमाग भरलं.

हे कादंबरीत होतं, खऱ्यात नाही, असं कोणी म्हणेल. खऱ्यातलं सांगते. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचं गाव आहे. गुलामांच्या वंशजांचं. तिथल्या बायका फाटक्या कामाच्या कपड्यांच्या, डेनिमच्या, गोधड्या शिवायच्या, थंडीसाठी. साठच्या दशकात गावकरी मतदार यादीत नाव घालायला निघाले तेव्हा नदीवरची नाव बंद करण्यात आली. १९६६ साली तिथल्या परिसरातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. २००२ साली त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, जाणकार म्हणाले ही आधुनिक चित्रकला आहे. त्या बायका मात्र आधीपासून एकत्र बसून, गात, शिवत होत्या.

त्याहून जवळचं हवं? कर्नाटकात हल्याळ-येल्लापूरकडे सिद्दी लोक राहतात, मूळचे आफ्रिकेतले, बोलतात कोकणी, त्यात मराठी-कानडी मिसळलेली. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात, हातानं, धावदोऱ्यानं. कडेकडेनं सुरुवात करून आत मध्याकडे येत जातात. शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची छोटी 'फुलं' लावतात. ही फुलं नसतील तर कवंदी नागडी दिसते, असं त्या म्हणतात. थंडीशी त्या फुलांचा काहीही संबंध नाही! गरिबातली गरीब बाईसुद्धा उपयोगाच्या वस्तूला फुलं लावल्याशिवाय ती पुरी मानत नाही.

आणि आपल्याकडेही झालंय. 'तेरवं' हे नाटक तुम्ही पाहिलं असेल. शेतकरी विधवाच त्यात उभ्या राहिल्या. २०१९ साली आपल्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, त्या याच नाटकातल्या. नाटकानं त्यांना मानधन किती दिलं हा प्रश्न गौण आहे. तालमीला जमणं, एकमेकींचे संवाद पाठ होणं, एकीला रडू आलं तर दुसरीनं वाक्य सांभाळून घेणं, हे कुठल्या योजनेत बसतं? तर माझी सूचना साधी आहे. पाच घरांत पाच मशिनी देण्यापेक्षा पाच मशिनी एका खोलीत ठेवा. समाजमंदिर चालेल, शाळेची जादा खोली चालेल. दुपारी दोन तास. पहिले सहा महिने ऑर्डरचं नाव काढू नका. प्रत्येकीनं आधी स्वतःसाठी काहीतरी शिवायचं, आणि दुसरं दुसरीसाठी.

काही प्रश्न आले आहेत. एका ताईंनी विचारलंय, इंग्रजी येत नाही, मग सिनेमा कसा बघायचा? चार जणी मिळून बघा, एखादीला थोडं येत असेल तर ती सांगेल, नातीला बसवा. 'हिडन फिगर्स'पासून सुरुवात करा, घरच्यांसोबत बघता येतो. 'द कलर पर्पल'मध्ये मारहाण आहे, अत्याचार आहे, तो मुलांना घेऊन बघू नका.

दुसरा प्रश्न, घरात सासूबाईंची जुनी काळी मशीन आहे, विकू का? अजिबात विकू नका. आधी रॉकेलनं जुनं चिकट तेल धुऊन काढा, मशीनचं तेल घाला, पट्टा वाळलेला असेल तर बदला, सुई नवी लावा. मग वर लाल दोरा आणि बॉबिनमध्ये पांढरा असं घालून चिंधीवर एक टीप मारा. वरून पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन सैल करा, खालून लाल दिसले तर आवळा. एकीनं चाक फिरवावं आणि दुसरीनं कापड उलटं करून बघावं, लवकर जमतं.